तिसरं टेंगूळ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला अंबादास सरांच्या यंत्रानं तिसरं टेंगूळ काढलं आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

टेंगळं दोनच यायला हवी होती. यंत्र म्हणजे केसाएवढी बारीक काचेची नळी, दोन टोकांना दोन वाट्यांत सोड्याचं पाणी आणि वर वीस हजार व्होल्टचा दणका. खाकी बाटलीत, तसल्याच सोड्याच्या पाण्यात कालवलेले, डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे कण नळीच्या तोंडाशी सोडायचे. वीज लागली की ते पळत सुटतात, बारके पुढं, थोरले मागं. पल्याड एकेक टोळी पोचली की कागदावरचं पेन उडी मारून टेंगूळ काढतं. सरांनी बाटलीत दोनच मापांचे कण घातले होते. मग हे तिसरे पावणे कुठनं आले?

आणि नेमक्या आजच मुंबईच्या शास्त्रज्ञ कालिंदीबाई यंत्र तपासायला आल्या होत्या. त्या "खरं आहे" म्हणाल्या तरच ही खोली सरांकडं राहणार होती. नाहीतर कॉलेजचे चेअरमन हंबीरराव तिथं कुस्तीची गादी टाकणार होते. ते टेप घेऊनच आले होते आणि एव्हाना एक भिंत मोजून झाली होती.

"पुन्हा करतो," सर म्हणाले. "कण कमी पडले असतील."

त्यांनी बाटलीत आणखी कण ओतले. म्हणाले दोन थेंब, पडले पाच.

शिपाई कृष्णातचा जीव खालवर होत होता. सात वर्षं त्यानं ही खोली लेकराच्या अंगासारखी पुसली होती. सर बटन दाबायला वळले तसं त्यानं खिशातली पुडी काढली, चिमूटभर वस्त्रगाळ हळद बाटलीत सोडली आणि हात जोडले.

तिसरं टेंगूळ दुप्पट आलं.

सरांनी घाम पुसला, वाट्या धुतल्या, पुन्हा कण ओतले. कृष्णातनं पुन्हा चिमूट सोडली. टेंगूळ तिप्पट!

"दोन म्हणालता न्हवं सर?" हंबीरराव टेप गुंडाळत म्हणाले. "यंत्र गाभण हाय जणू तुमचं."

कालिंदीबाईंनी बाटली उचलून पांढऱ्या कागदावर कलती केली. दुधासारखा थेंब पडायचा, तो पडला लालभडक.

"हळदीच्या डागाला साबण लावला की असाच रंग येतो," त्या म्हणाल्या. "आणि यात सोडा आहे. हळद कुणी टाकली?"

खिशातली पुडी टेबलावर आली.

"म्या टाकली, बाई," कृष्णात म्हणाला. "खंडेनवमीला समद्या हत्यारांची पूजा केली. पर झाकणाला लावून काय उपेग? खरं राबत्यात ते आतले कण. म्हनून चिमूटभर आत सोडली."

"आणि आज?"

"आज दोनदा. सरांचं चुकाय लागलं, तवा म्हटलं, पूजा कमी पडली आसंल."

सरांनी डोक्याला हात लावला.

"आटोपलं!" हंबीरराव म्हणाले. "आणा रं गादी!"

"थांबा." कालिंदीबाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. "एका चिमटीला एक बोट, दोनला दोन, तीनला तीन. अहो, हळद घातलीय हे अंबादासांनाही ठाऊक नव्हतं. यंत्रानं ती वेगळी काढली, वर किती घातली तेही सांगितलं. आणखी काय तपासू?"

आणि त्यांनी सही ठोकली. हंबीररावांनी टेप खिशात घातली. सरांचे डोळे भरून आले.

"फक्त एक," बाई दारातून वळल्या. "हळदीचं टेंगूळ कसं पायरीपायरीनं चढलंय बघा. तुमच्या कणांचं एकदा इवलंसं, एकदा कागदाबाहेर. यापुढे बाटली यांना भरू द्या."

सर मान खाली घालून म्हणाले, "कृष्णात, भरशील?"

"भरतो की!" कृष्णातनं बाह्या सारल्या, सरांची खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात नेऊन ठेवली. "तुमी हितं बसा सर. आत माप लय हलतंय तुमच्यामुळं."