होडीच्या पोटावरची मोक्याची जागा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक होडी डोळ्यांसमोर आणा. नाही, तू नको मिटूस, तुला पुढचं वाचायचंय! उघड्या डोळ्यांनीच आण.

होडी पांढरी आहे. लांबीला तुमच्या वर्गाएवढी, रुंदीला दोन बाकांपेक्षा जरा कमीच. दोन्ही टोकांना कपाटाएवढ्या दोन खोल्या, झोपायला. मधे वल्ही मारायला बसायच्या जागा. शीड नाही, इंजिन नाही. आता या होडीत चार बायका बसवा आणि त्यांना महासागराच्या या काठावरून त्या काठाला पाठवा. दोन तास वल्ही मारायची, दोन तास झोपायचं, असं पन्नासेक दिवस. आली होडी डोळ्यांसमोर? माझ्या आली नव्हती. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

त्या चौघींपैकी एक माझी सून. ती नर्स आहे, नुकत्याच जन्मलेल्या आणि धड श्वासही घेता न येणाऱ्या बाळांच्या वॉर्डात. तिथे श्वास देणारी यंत्रं दोन आणि बाळं कधीकधी तीन. मग तिसऱ्या बाळासाठी माझी सून हातात रबरी फुगा घेऊन तासन्‌तास दाबत बसते. तिसरं यंत्र हवं होतं. महासागर ओलांडायची ही शर्यत पार केली, की प्रायोजकांनी कबूल केलेले पैसे वॉर्डाला मिळणार होते. अट एवढीच, की होडीच्या परीक्षेच्या दिवशी गोदीवर वीस प्रायोजकांच्या सह्या हव्यात. एकोणीस असल्या तरी शर्यतीतून बाद!

सुई टोचताना माझ्या सुनेचा हात थरथरत नाही. पण शेजारी कात्री मागायची झाली, तरी ती दारापर्यंत जाऊन परत येते. तीन आठवड्यांत तिला एकच प्रायोजक मिळाला होता, आणि तो म्हणजे माझा मुलगा.

"आण ती यादी इकडे!" मी म्हटलं. "आठ दिवसांत वीस माणसं उभी करतो."

"बाबा, जमेल?"

"पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी! अर्धा बाजार माझ्या हाताखालून गेलाय, आणि उरलेला अर्धा त्यांच्या आईबापांचा आहे."

"अहो," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आठ दिवसांत तुम्ही नळही दुरुस्त करणार होतात."

"तो नळ होता."

"तो अजून गळतोय."

अशा बोलण्याकडे लक्ष द्यायचं नसतं. मी आलेखाचा कागद घेतला, त्यावर होडी काढली आणि तिच्या अंगावर चौकोन आखले. एक चौकोन, एक प्रायोजक. मदतीला माझी नऊ वर्षांची नात होती. पेन्सिलीची मागची बाजू सतत कुरतडते म्हणून घरात तिला खारू म्हणतात.

होडी तेव्हा दवाखान्यामागच्या शेडमध्ये, जिथे चादरी वाळत घालतात तिथे, चाकांच्या गाड्यावर ठेवलेली होती. जुनी होडी, पण खरवडून नवा रंग दिलेला, अंगावर एक रेघ नाही. मी समोर उभा राहिलो. तिचं पोट बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर! फळ्यावर महत्त्वाचं ते डोळ्यांच्या उंचीवर लिहावं, असं मी नव्या शिक्षकांना जन्मभर सांगत आलो. तोच नियम इथे लावला. पोटावर मोठे मोठे चौकोन, त्यांना म्हटलं 'मोक्याची जागा'. वरच्या काठाखाली एक चिंचोळी पट्टी उरली, तिचे बारके तुकडे केले.

"आजोबा," खारू म्हणाली, "पाणी कुठपर्यंत येईल?"

"येईल गं यायचं तिथे. आधी तो कोपरा रंगव आणि रेघेबाहेर जाऊ नकोस."

मुलांचे प्रश्न कधी अडवू नयेत, असं मी हजारो पालकांना सांगितलं आहे. आपण पुढे जाऊ.

पहिला गेलो गादीवाल्याकडे.

"सर, माझी गादी झोपेची आणि या बायका जागणार. मी जाहिरात काय करू?"

"लिही, 'या चौघींना मिळणार नाही, तुम्ही तरी घ्या. झोप!'"

तो इतका खूश झाला, की त्याने पोटावरचे दोन चौकोन घेतले. मग चष्मेवाला.

"सर, लांबून दिसेल ना?"

"दिसेल म्हणजे? चष्मा न लावता दिसेल!"

"मग नको. चष्मा लावल्यावरच दिसायला हवं."

त्याची अक्षरं थोडी बारीक करून दिली. दातांची डॉक्टरीण आली, शिंपी आला, केस कापणारा आला. एकेकाला शेडमध्ये नेऊन मी त्याची जागा दाखवायचो आणि तोही, नव्या घराचा नकाशा बघावा तसा, मान वाकडी करून बघत राहायचा.

सगळ्यांत खालचा, पार तळाजवळचा चौकोन घेतला गळतीवाल्याने. हा छतांची, भिंतींची गळती थांबवतो. शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा. तरंगणारी वस्तू पाण्यात किती बुडते, हे सांगता आलं नाही म्हणून मी त्याला एकदा पूर्ण तासभर उभा केला होता. त्याने स्वतःच्या रंगाने, स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पाणी आत येणार नाही! लेखी हमी.'

सगळ्यांत शेवटी किल्लीवाला आला. तोवर पोट भरून गेलं होतं आणि पट्टीतलेही पाच तुकडे गेले होते.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "वरची पट्टी आहे, जराशी."

"चालेल सर. मला कुठेही चालेल."

बायकोने विचारलं, "आणि आमचं विणकाम मंडळ?"

"पट्टीतच बघ काही उरलं असेल तर."

"उरलेलं?"

"मोक्याच्या जागा गेल्या गं!"

आठव्या दिवशी यादी वीसवर पोहोचली. त्या संध्याकाळी मी बाजारातून असा चाललो, की जणू घंटा मीच वाजवली आणि सगळी शाळा रांगेत उभी राहिली.

परीक्षेच्या दिवशी गोदीवर वीसही प्रायोजक कडक इस्त्री करून हजर! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटोग्राफर आणला होता. शर्यतवाल्यांचा परीक्षक हातात पुठ्ठा आणि त्यावर कागद घेऊन उभा होता, माणूस पट्टीसारखा सरळ. होडीत चौघीजणी बसल्या. सून माझ्याकडे बघून हात हलवत होती. गाडा उतारावरून पाण्यात सरकू लागला.

आधी गळतीवाल्याची लेखी हमी पाण्यात गेली. तिथवर कोणी काही बोललं नाही. मग गादी गेली. मग शिंपी, मग दात. होडी आपली शांतपणे खाली बसत होती, दमलेला माणूस खुर्चीत बसतो तशी. ती थांबली तेव्हा चष्मेवाल्याच्या अक्षरांच्या वेलांट्या आणि मात्रा तेवढ्या पाण्यावर उरल्या होत्या. आणि त्यांच्या वर, ऊन पडल्यासारखं लख्ख, 'किल्ल्या करून मिळतील' आणि 'विणकाम मंडळ, दर मंगळवारी'!

 मग मागून एक हात वर झाला. गळतीवाला.

"सर, एक शंका. तरंगणारी वस्तू पाण्यात किती बुडते?"

मी यादीचा कागद चाळू लागलो.

"मला तासभर उभं केलं होतंत."

मी आधीपासून उभाच होतो, त्यामुळे तेवढं तरी वाचलं.

आणि मग गलका उसळला!

"मासे गादीवर झोपतात का हो सर?"

"मोक्याची जागा म्हणे! कोणाच्या मोक्याची, खेकड्यांच्या?"

"सही नाही करणार! आधी वर घ्या!"

वर घ्या म्हणजे कुठे? पट्टी भरलेली. विसांपैकी तेराजण पाण्याखाली होते. तिकडे सून अजून हात हलवत होती, हा गोंगाट तिला कौतुकाचा वाटत होता. मला ते तिसरं बाळ दिसलं. होडी डोळ्यांसमोर आली नव्हती, बाळ मात्र स्वच्छ आलं.

"शांतता!" परीक्षक म्हणाला. "आता होडी पालथी करायची आहे."

घाबरू नका. अशा होड्यांची ही परीक्षाच असते. बायकांनी खोल्यांमध्ये जाऊन झाकणं लावायची, पट्टे बांधायचे, मग क्रेनने होडी पालथी घालायची आणि ती आपली आपण सुलटी होते का ते बघायचं. क्रेनने दोर ओढला. होडी कलली, आणखी कलली आणि झाली पालथी! पांढरंशुभ्र पोट वर, आणि त्यावर गादी, दात, चष्मा, कात्री, सगळं चकाकतंय!

टाळ्यांचा कडकडाट! "फोटो! फोटो काढ!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. किल्लीवाल्याने मान खाली घातली.

एवढ्यात होडी वळली आणि सुलटी झाली.

"अरेरे!" तेरा गळ्यांतून एकदम निघालं.

"सहा सेकंद. उत्तम," परीक्षकाने लिहिलं.

"उत्तम कसलं? फार लवकर झाली!" गादीवाला म्हणाला. "पुन्हा करा!"

"नियमाप्रमाणे एकदा पुरे."

"पुरे कसं? आमचं समाधान झालं नाही!"

परीक्षकाने पुठ्ठा खाली केला. "वीस वर्षं हे काम करतोय मी. खलाशांच्या जिवाची इतकी काळजी करणारे प्रायोजक पहिल्यांदा पाहिले."

आणि त्याने होडी आणखी दोनदा पालथी केली.

तिसऱ्या वेळेनंतर झाकण उघडलं आणि सुनेचं डोकं बाहेर आलं. तिचा रंग होडीच्या रंगात मिसळून गेला होता.

"बाबा," तिने विचारलं, "एकदाच होती ना?"

मी हात हलवला. दुसरं काय करणार?

"साहेब," गादीवाला परीक्षकाच्या कानाशी लागला, "अर्धा रस्ता अशी आणि अर्धा रस्ता तशी, नाही का नेता येणार?"

परीक्षकाला आता संशय आला. "सह्या कुठे आहेत?" त्याने मला विचारलं. "दहा मिनिटांत मी निघणार."

मी प्रायोजकांकडे पाहिलं. तेराजण हाताची घडी घालून उभे होते. पस्तीस वर्षं मी यांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' सांगितलं, पण इतकी घट्ट घडी त्यांनी कधी घातली नव्हती.

तेवढ्यात माझा सदरा कोणीतरी ओढला. खारू. दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसून ती इतका वेळ पेन्सील कुरतडत होती आणि आता वल्ही मारत होडी काठाकडे आणणाऱ्या आईकडे बघत होती.

"आजोबा, एक प्रश्न विचारू?"

या वेळी मी म्हटलं, "विचार."

तिने मला विचारलाच नाही. ती सरळ परीक्षकाकडे गेली. "एका मिनिटात वल्हं किती वेळा पाण्याबाहेर येतं?"

"वीसेक वेळा. का?"

तिने माझ्या आलेखाच्या कागदामागे गुणाकार केला, दोनदा तपासला आणि चष्मेवाल्यासमोर धरला.

"काका, वल्ह्याच्या पात्यावर लिहिलंत, तर तुमचं दुकान दिवसाला अठ्ठावीस हजार आठशे वेळा पाण्यातून वर येईल."

"किती?"

"अठ्ठावीस हजार आठशे. किल्लीवाले काका काय, एकदा वर दिसले की झालं. त्यात बघण्यासारखं काही नाही."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वल्ही आळीपाळीने वापरायची असल्यामुळे हिशेब चांगलाच फुगलेला होता. पण मी गणिताचा शिक्षक नाही.

"पाती किती?" गादीवाल्याने विचारलं.

"वल्ही सहा. प्रत्येक पात्याला दोन बाजू. बाराजण मावतील."

"आम्ही तेरा आहोत," शिंपी म्हणाला. आणि सगळे एकमेकांकडे असे बघू लागले, की मला वाटलं आता नवीन भांडण.

"मला नको पातं," गळतीवाला पुढे आला. "माझी जागा पाण्याखालीच. पन्नास दिवस खाऱ्या पाण्यात राहून माझा रंग टिकला, तर याहून मोठी लेखी हमी कोणती?" त्याने पहिली सही ठोकली आणि मला हळूच म्हणाला, "आणि सर, तुमच्या घरचा नळ गळतो असं बाई सांगत होत्या. उद्या येतो."

वीस सह्या झाल्या. परीक्षक जाताना म्हणाला, "अजब माणसं!"

सून चोपन्न दिवसांनी पलीकडे पोहोचली. वॉर्डात तिसरं यंत्र आलं आणि आता तिला फुगा दाबत बसावं लागत नाही. तिच्या हातांत मात्र इतकी ताकद आली आहे, की तिने लावलेली बरणीची झाकणं घरात कोणालाच उघडत नाहीत.

पण ते नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी होडी पुन्हा शेडमध्ये आली. सगळे पाती रंगवत बसले होते. खारूने उरलेला निळा रंग घेतला आणि पाणी जिथवर आलं होतं तिथे होडीभोवती एक सरळ रेघ मारली. मग ती होडीखाली शिरली आणि पाठीवर झोपली. तळाशी, गळतीवाल्याच्या शेजारी, गादीवाल्याने पात्यावर जाताना पांढरा रंग मारून मोकळा केलेला चौकोन होता. सगळ्यांत मोठा.

मी वाकून पाहिलं. तिने लिहिलं होतं, 'माझे आजोबा'.

"अगं, इथे कोणाला दिसणार मी?"

"तुम्हीच म्हणालात ना, ही मोक्याची जागा," खारू म्हणाली. आणि रेघेबाहेर अजिबात न जाता ती चौकोन रंगवू लागली.