तिसऱ्या बिंदूची तहकीकात

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मास, करवीर सुभ्यातील एका शाळेत नववी 'ब' या तुकडीवर जो प्रसंग गुदरला, तो पुढिलांस ठाऊक असावा म्हणोन साद्यंत लिहिला ऐसीजे.

राजमान्य राजेश्री विजयसिंह सर, गणिताचे सरसुभेदार, यांनी दुपारच्या प्रदर्शनाकरिता थोर आलेख-तक्ता पसरिला आणि '२x + y = ७' हा मुलूख काबीज करावयाची मसलत केली; मग (१, ५) आणि (२, ४) ही दोन ठाणी बसविली, आणि मग पट्टी लावोन तांबड्या मार्करने रेषा ऐसी ओढिली की पुन्हा पुसणे नाही. हुकूम जाहला की, शिफा मुल्ला हिने तिसरा बिंदू मांडोन रेषेची खातरजमा करावी.

शिफा कबनूरची, महिन्यापूर्वीच तुकडीत दाखल, कोणापुढे ब्र न काढणारी. तिने x ची किंमत तीन धरिली, y एक आला, आणि (३, १) मांडिला तो रेषेच्या दोन घरे खाली, उघड्या रानी एकटा! तुकडीत हाहाकार जाहला.

मग मॉनिटर पृथ्वीराज याने तोड काढिली, "सर, ठिपका लठ्ठ करूया की! फुगवत नेला की टेकतोय रेघंला." ठिपका बंद्या रुपयाएवढा जाहला, तरी रेषा हाती न लागे.

सर गरजले, "तुझाच बिंदू चुकलाय! दोन बिंदूंतनं एकच रेघ जाती, न्हाय व्हय?"

शिफास रडू आले, ते तिने गिळिले, आणि एकेक ठाणे समीकरणापुढे जबानीस उभे केले. आपले (३, १) प्रथम: सहा अधिक एक, सात, इमानी. (१, ५): दोन अधिक पाच, सात, इमानी. (२, ४): चार अधिक चार, आठ!

"सर," ती पुटपुटली, "ह्यो दोन-चार फितूर हाय."

सरांनी बोटांवर मोजिले, पुन्हा मोजिले, चष्मा पुसोन तिसऱ्यांदा मोजिले.

"व्हय की गं. तीन पायजे हुतं. चुकलो मी."

आणि स्वहस्ते तक्ता टराटरा फाडिला, आणि नवा पसरिला, आणि (२, ३) मांडोन रेषा ओढिली, ती तिन्ही ठाण्यांतून सुतासारखी गेली. (०, ७) हाही आपण होऊन येऊन मिळाला.

दुपारी एक वाजोन दहा मिनिटांनी फत्ते जाहली. तक्त्याच्या तळी सरांनी मार्करने, पुन्हा पुसणे नाही ऐसे, लिहिले: 'काढणार: विजयसिंह. तपासणार: शिफा.' हे दप्तरी कायम.