सहा घंटा, सहा हात

नाडकर्णी लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार करत नाहीत. आधी तुमच्या हातांकडे बघतात आणि विचारतात, "संध्याकाळी मोकळे असतात का?"

मला विचारलं तेव्हा वाटलं, कपाट हलवायचं असेल. आयुष्यभर सुतारकी केलेला माणूस मी, इथे आखातात, अल कुसैसला मुलाच्या घरी नुसता बसून कंटाळलो होतो. गेलो. त्यांनी माझ्या दोन्ही हातांत एकेक पितळी घंटा दिली, चामड्याच्या पट्ट्याची. दोन त्यांच्याकडे, दोन समोरच्या फ्लॅटमधल्या शायनीकडे. ही केरळची नर्स. तिच्याशी आमचं सगळं हिंदीत.

"गाणं कुठलं?" मी विचारलं.

"गाणं नाही. गाणं कुणीही वाजवतं."

त्यांची विद्या अशी. सहा घंटा ओळीनं वाजवायच्या, बारीक आवाजाची आधी, जाड आवाजाची शेवटी. पुढच्या फेरीत ओळ बदलायची, पण घंटेनं फक्त शेजारणीशी जागा बदलायची, लांब उडी मारायची नाही. एकदा वाजलेली ओळ पुन्हा वाजता कामा नये. सगळ्या ओळी संपल्या की परत पहिली. अर्धा तास जातो. कागद बघायचा नाही. हे मला आवडलं; शाळेचं आणि माझं चौथीतच फाटलं होतं.

कुणी चुकलं की नाडकर्णी घंटा टेबलावर ठेवतात आणि शांतपणे म्हणतात, "खलास. यल्ला, चला, पहिल्यापासून." मी चूक कबूल करणाऱ्यांतला नव्हे. पट्टा सैल आहे, म्हणालो. त्यांनी चष्मा लावून पट्टा तपासला आणि ठीक आहे म्हणून सांगितलं. महिनाभर मी पट्ट्यावर ढकलत होतो आणि ते दर वेळी तपासत होते. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझी नात म्हणते, "आजोबा, दॅट्स नॉट इव्हन अ साँग." खालच्या मजल्यावरचे झाडूनं छत ठोकतात. नाडकर्ण्यांचं म्हणणं, ठोका, पण तालात ठोका.

फुजैराच्या बंदरात ते हिशेबनीस होते, तेव्हा एका इंग्रज कप्तानानं त्यांना हे शिकवलं आणि जाताना घंटा देऊन गेला. तेव्हापासून अख्खं आवर्तन एकदाही पुरं झालेलं नाही. माणूस तयार झाला की त्याची बदली होते, नाहीतर व्हिसा संपतो. घंटा तेवढ्या मुक्कामाला.

मग शायनीला आयर्लंडमध्ये नोकरी लागली. शुक्रवारचं विमान. "एकदाच," नाडकर्णी मला म्हणाले, "एकदा पुरं ऐकायचंय मला." गुरुवारी ते मरीना भागातल्या ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन आले. शायनी बॅगा अर्धवट टाकून आली.

त्या संध्याकाळी काय जमलं होतं! माझा पट्टासुद्धा सैल नव्हता. ओळीमागून ओळ सुटत गेली. पहिली ओळ आता दोन-चार फेऱ्यांवर आली, हे हातांनाच कळायला लागलं. आणि नाडकर्ण्यांनी आपल्या दोन्ही घंटा एकदम वाजवल्या.

असं मी पहिल्या दिवशीही केलं नव्हतं.

शायनी त्यांच्याकडे बघत राहिली. मी चांगला झापणार होतो, पण त्यांच्या चेहऱ्यावर हळहळ दिसेना. पुरं झालं असतं, तर ती उठून बॅगा भरायला गेली असती.

"मेरी गलती," नाडकर्णी तिला म्हणाले. "थोडा टाइम है ना, बेटा?"

शायनीनं घड्याळ पाहिलं नाही. खुर्ची पुढे ओढून घेतली. मीही घंटा उचलल्या.