तात्यांचं सेज

"माज्या दारात सेज आलंय," असं तात्यांनी लासुर्ण्याच्या पारावर सांगितलं, तेव्हा तासाभरात निम्मं गाव सातबारा घेऊन तलाठ्याकडे धावलं. कारखान्यांसाठीचं सरकारी सेज आलं की जमीन जाते, एवढंच लोकांना ठाऊक. तात्यांचं सेज कुंडीत होतं. राखाडी, लवदार पानांचं विलायती झुडूप. नातीनं पुण्याच्या नर्सरीतून आणलेलं.

तात्या साखर कारखान्यातून रिटायर झालेले, माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्या दिवसापासून त्यांची डॉक्टरकी सुरू झाली. घसा बसला, सेजच्या गुळण्या. हिरडी सुजली, सेज चोळा. सरपंचाला भाषणात घाम फुटायचा, त्याला काढा. वर, "मान्सं खोटं बोलत्यात मास्तर, पाला न्हाय!" सरपंचाचा घाम थांबला नाही, पण भाषणं आटोपती झाली. गावानं त्याचंही श्रेय सेजलाच दिलं.

खरं औषध मात्र तात्यांच्या बायकोसाठी, काकूंसाठी होतं. त्या माणसं विसरत चालल्या होत्या, आणि सेजनं आठवण टिकते असं नातीनं सांगितलं होतं. रोज सकाळी तात्या स्वतः काढा उकळून त्यांना पाजत.

आता कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी तात्या बारामतीला गेले असताना माझ्या शेळीनं ते झुडूप बुडापासून खाल्लं. मी घाबरलो. आमच्या परसातला, तसाच लवदार पानांचा पानओवा उपटून त्यांच्या कुंडीत खोचला. तात्या काही बोलले नाहीत. गावाच्या गुळण्याही चालूच राहिल्या. सेजचा गुण आला तो शेळीला: तात्यांच्या दाराची वाट ती पुन्हा कधी विसरली नाही.

पण त्या दिवाळीत काकूंनी तात्यांनाच ओळखलं नाही, आणि मला शेळीचं तोंड बघवेना.

परवा धीर करून सगळं सांगून टाकलं. तात्या चुलीवरचं पातेलं ढवळत होते.

"मास्तर, जल्मभर शिकिवलं काय ओ तुमी? ओव्याची भजी खात मोठा झालोय मी. पैल्याच दिशी वासानं कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"शेळीवर केस करू व्हय?"

"पण तात्या, काकूंचं औषध..."

त्यांनी पातेलं उतरवलं. "सेज मुकाट पीत हुती ती. ओवा जिभंला झोंबतो. मग म्हणती, 'काय ओ पाव्हणं, कसलं तिखट पाजताय?'" त्यांनी काढा कपात गाळला. "दिसभरात तेवढंच बोलती माज्यासंगं."

कप घेऊन ते आत गेले. आतून काकूंचा आवाज आला की उठायचं, असं ठरवून मी ओट्यावर बसून राहिलो.