सहनशक्ती : अतिउत्तम

ज्या साहेबांनी हा फॉर्म छापला त्यांनी गुन्हा केला आहे. चूक नव्हे, गुन्हा. बाईच्या कळा किती दुखतील ते बर्फाच्या तुकड्यावर ठरवायचं आणि निकाल तिच्या फाइलवर जांभळ्या शाईने ठोकायचा, ही अक्कल ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याखालच्या पोटात कधी कळ उठलेली नाही, एवढं छातीठोक सांगता येईल. असले साहेब पोटात वारा धरला तरी ॲम्ब्युलन्स बोलावतात. त्यांचं नाव कोणाला माहीत नाही. हेमालीचं नाव मात्र तारापूर बंदरापासून बोईसरच्या नाक्यापर्यंत झालं, ते याच फॉर्ममुळे.

हेमाली तारापूरची. पहिलं बाळ, नववा महिना. नवरा निमेश बोईसरला एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात, सासू नलू बोईसरच्या बाजारात मासे विकणारी. आधी आईबरोबर आणि लग्नानंतर सासूबरोबर हेमालीने अकरा वर्षं पाटीशी बसून काढली होती. आठवा लागला तेव्हा सासूनेच तिला दटावून घरी बसवलं. हेमाली कोणाला भीत नसे. पावती फाडणाऱ्याला नाही, की पापलेटाचे कल्ले उघडून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकालाही नाही. भीती होती ती एकाच गोष्टीची. मोठी बहीण बाळंतपणात अडली होती तेव्हा हेमाली दीड दिवस दाराबाहेर उभी होती, आणि आतला आवाज तिच्या कानातून अजून गेला नव्हता.

वसईला दिलेली मैत्रीण प्रतीक्षा, तिने फोनवर वाट दाखवली. "पाठीत इंजेक्शन घे गो. कळ आली ते समजतं, पन चावत नाय. मी तर मधेच चहा मागितला."

"दिला?"

"नाय दिला. पन मागण्याइतकी शुद्ध होती, ते बघ ना!"

हेमालीने तेव्हाच ठरवलं. आपल्याला हेच.

बोईसरच्या ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथे दर शनिवारी पहिलटकरणींचा वर्ग भरे. रूपल मॅडम पालघरहून येऊन तो घेत. बाई स्वभावाने गोड, आवाज त्याहून गोड. त्यांनी कळा कमी करायचे उपाय चित्रं दाखवून समजावले. लांब श्वास घ्यायचे. कोमट पाण्याने अंग शेकायचं. नवऱ्याने कंबर चोळायची. मास्क लावून गॅस ओढायचा. आणि शेवटचं म्हणजे भूलतज्ज्ञांनी कण्याजवळ बारीक नळी घालून औषध सोडायचं. त्याने पाय जड होतात, कधी बीपी उतरतं, अंगाला खाज सुटते. बाई जागी असते, आणि जोर तिलाच लावावा लागतो.

हेमालीचा हात वर. "मॅडम, शेवटचं. माझं नाव लिवा."

"अहो, तोटे सांगितले ते ऐकलेत ना?"

"ऐकले. पाय जड होतात, खाज सुटते. माशे विकताना दोन्ही रोज होतं."

मॅडम हसल्या आणि त्यांनी तो फॉर्म काढला. फॉर्ममध्ये रकाना होता : 'वेदना-सहनशक्ती'. रकान्याची रीत अशी की बाईने मुठीत बर्फ धरायचा आणि मॅडमनी सेकंद मोजायचे. बाई जितकी लवकर हरेल तितकी तिला भुलेची गरज जास्त. सहानुभूती म्हणून नवऱ्यांच्या हातातही एकेक तुकडा.

सुरुवात झाली. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी विसाव्या सेकंदाला बर्फ टाकला. निमेशने सातव्याला टाकला आणि अशी आरोळी मारली की बाहेरचा वॉचमन आत डोकावून गेला. हेमाली बसून राहिली. शेजारच्या शिक्षिकाबाईंना कितवा ते विचारलं. डोहाळे कसले लागले ते विचारलं. मग सुक्या बोंबलाची चटणी कशी करायची ते सांगितलं, लसूण किती, मिरची कधी. चटणी वाटून झाली तेव्हा तिला मुठीची आठवण आली.

"मॅडम, हा वितळला. दुसरा हाय का?"

वर्ग गार पडला. रूपल मॅडमनी घड्याळ दोनदा बघितलं. चार मिनिटं! त्यांनी भारावून लिहिलं : 'अतिउत्तम. वेदनाशामक उपायांची गरज नाही.' आणि वर शिक्का.

"अवो मॅडम, माशेवाली हाय मी! अकरा वर्षं पहाटेपासून बर्फातच हात हायत. हाताची कातडी नाय, चप्पल झाली हाय!"

"तेच तर! किती छान तयारी झाली आहे तुमची."

"पन पोर काय हातातून येनार हाय?"

याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

घरी येऊन निमेशने आईला सगळं सांगितलं आणि तिथे घोळाला पाय फुटले. नलूने दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्या उघडल्या डांगोरा पिटला. "चार मिन्टं! शिक्का मारून दिलाय दवाखान्याने! शिकलेल्या बाया ईस सेकंदात रडल्या, आमची सून चटनी शिकवत बसली!" दुपारपर्यंत चार मिनिटांची पंधरा झाली. संध्याकाळी बंदरावर पोचेपर्यंत हेमालीने बर्फाची अख्खी लादी मांडीवर घेतली होती. बायका बघायला येऊ लागल्या. एक म्हातारी तर दंड दाबून म्हणाली, "हिला कसली भूल? ही चालता चालता बाळंत होईल."

हेमाली हसत होती आणि आतून घाबरून अर्धी होत होती. शिक्का पुसायचा कसा? ती निमेशला घेऊन दवाखान्याच्या खिडकीवर गेली.

"शेरा बदलत नाही," खिडकीतला माणूस म्हणाला. "फेरपरीक्षा द्या. शुक्रवारी सकाळी अकरा, मॅडम त्यासाठी येतील."

म्हणजे नापास व्हायला हवं. हेमाली शाळेत एकाच विषयात नापास झाली होती, तेही मनापासून अभ्यास करून. मुद्दाम कसं व्हायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. गुरू घरातच होता. सात सेकंदांचा निमेश.

"हे बघ, बर्फ टेकला की तोंड वाकडं कर. मग पोटातून ओरड. 'आई गं!' आनि हात झटकून टाक."

"आई गं."

"अगं, कोलंबीचा भाव सांगितल्यासारखं काय बोलतेस? अशी ओरड!" आणि निमेशने दाखवलं.

पहिल्या दिवशी शेजारी रिक्षा घेऊनच धावत आले. दुसऱ्या दिवशी नुसते आले. तिसऱ्या दिवशी खिडकीतूनच विचारलं, "सराव चाललाय काय?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्याच वेळी नलू दारात उभी राहिली. डोक्यावर रिकामी पाटी, समोर बर्फ धरून बसलेली सून आणि गडबडा लोळणारा मुलगा.

"काय चाललंय रे मेल्या?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. हेमालीने सगळं सांगितलं. "आई, मला भ्या वाटतं. मला ते इंजेक्शन पायजे. बाजारात तुमचं नाव खाली जाईल, जाऊ दे. पन मला पायजे."

नलूने पाटी उतरवली. हातपाय धुतले. जेवायला वाढलं. ताट उचलताना एवढंच म्हणाली, "शुक्रवारी मी पन येते."

निमेशने बायकोकडे बघितलं. संपलं, असं दोघांच्याही तोंडावर लिहिलं होतं.

शुक्रवारी नलू बाजारातूनच आली, कमरेवर टोपली घेऊन. टोपलीत उरलेले मुशी मासे आणि बर्फ. ती कोपऱ्यात स्टुलावर बसली. वास सगळीकडे बसला.

रूपल मॅडमनी बर्फ दिला. हेमालीने तोंड वाकडं केलं, ठरल्याप्रमाणे. ओरडायला श्वास घेतला, आणि नेमकी तेव्हाच कमरेतून एक कळ उठली आणि पोटाला पट्टा आवळावा तशी आवळत गेली. हेमालीचा आवाज आतल्या आत बसला. तिने मूठ दाबली, डोळे मिटले, आणि एक शब्द काढला नाही.

"ओरड," निमेश कुजबुजला. "अगं ओरड ना!"

"वा!" रूपल मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या. "साठ सेकंद. काय ताबा आहे!"

हेमालीने दात आवळून म्हटलं, "अवो, कळ आली."

"छान! पन जरा मोठ्याने."

"खरी कळ आली!"

"हां, हे 'खरी' चांगलं हाय. मॅडमना ऐकू जाऊ दे."

"नव्वद सेकंद!" मॅडमनी लिहायला घेतलं. तेवढ्यात फरशीवर पाणी पसरलं. निमेश ते बघून चकित झाला. "एवढासा बर्फ, आनि पानी बघा किती निघालं!"

कोपऱ्यातून नलू गरजली, "मेल्या, तो बर्फ नाय! पानमोट फुटली तिची! उचल तिला!"

आतापर्यंत हेमाली निमेशला 'तुमी' म्हणायची. त्या क्षणापासून 'तू' सुरू झालं, आणि 'तू'च्या पुढे जे होतं ते छापण्यासारखं नाही.

खाटेवर नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या. हेमाली दोन कळांच्या मधे एकच बोलत होती, "इंजेक्शन." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "द्यायला माझी हरकत नाही. पण भूलतज्ज्ञांना वरच्या ऑफिसातून बोलवावं लागतं." निमेश वर धावला. वरून खाली आले ते भूलतज्ज्ञ नव्हते, ऑफिसातले साहेब होते, फाइल घेऊन.

"यांना देता येणार नाही. दोनदा परीक्षा झाली आहे. 'अतिउत्तम', आणि आज 'असामान्य'. तिसरी परीक्षा झाल्याशिवाय शेरा बदलत नाही. शिवाय घरातल्या मोठ्या माणसाची संमती लागते."

"मोठी मी," नलू म्हणाली.

निमेशने भिंतीला पाठ टेकली. हेमालीने डोळे मिटले. बाजारभर डांगोरा पिटणारी हीच.

"सही करते," नलू म्हणाली. "हात कोरडा करू द्या. तवर हे जरा धरा." आणि टोपलीतला वीतभर बर्फाचा खडा तिने साहेबांच्या दोन्ही हातांत ठेवला. हातांवर आपले हात दाबले. ते हात चाळीस वर्षं बर्फात मुरलेले होते.

"अहो, काय... अहो बाई! आई गं!"

"किती झाले गो?" नलूने विचारलं.

"सहा," रूपल मॅडम म्हणाल्या. सवयीने घड्याळ चालूच होतं त्यांचं.

"मग लिवा. साहेबांची सहनशक्ती नाय. साहेबांना भूल द्या, आनि उरली तर माझ्या सुनेला."

"हा काय प्रकार आहे? मुशीचा वास येतोय हाताला!"

"येनार. दोन दिवस र्‍हाईल." नलूने सहीचा कागद ओढला. "मी पाच काढली साहेब. दुखतं काय, म्हनून एकदा कोनी विचारलं नाय. विचारलं असतं तर पाची टायमाला होय म्हटलं असतं. हिला विचारलंत, ती होय म्हनते, आनि तुमी कागद दाखवता?"

"पन आई, बाजारात तूच..." निमेशच्या तोंडून निघून गेलं.

"बाजारात बोलते ते सगळं खरं असतं, तर माझा बोंबील एक दिवस पन शिळा झाला नसता."

रूपल मॅडमनी साहेबांच्या हातातून फाइल घेतली, 'गरज नाही' यावर दोन आडव्या रेघा मारल्या आणि खाली स्वतःची सही केली. मग भूलतज्ज्ञांना स्वतः फोन लावला. ते पंधरा मिनिटांत आले. आधी हेमालीला सगळं पुन्हा समजावलं, तिला विचारलं, तिची सही घेतली. मग म्हणाले, "पाठ मांजरासारखी वाकवा." हेमालीला काही केल्या जमेना. मांजरं तिने आजवर फक्त पाटीवरून हाकलली होती.

"कोलंबीसारखी वाक गो," नलू म्हणाली.

हेमाली वाकली. नळी पहिल्या खेपेला बसली.

अर्ध्या तासात तिचा चेहरा ओहोटीच्या पाण्यासारखा सैल पडला. कळ यायची, समजायची, चावायची नाही. तिने सासूला विचारलं, "मुशी किती उरल्या?" मग निमेशला पुन्हा 'तुमी' म्हणून बघितलं, पण ते काही जमलं नाही. जोर मात्र तिलाच लावावा लागला, सव्वा तास, घामाने न्हाऊन. आणि संध्याकाळी सातच्या आत मुलगी झाली. तिने असा सूर लावला की नलूची मान ताठ झाली. "बाजाराचा आवाज हाय!"

रूपल मॅडमनी पोरीला बघितलं, मग स्वतःच्या बर्फाच्या डब्याकडे बघितलं आणि डबा नेऊन शिपायाला दिला. सरबताला.

तिसऱ्या दिवशी घरी सोडताना खिडकीतल्या माणसाने एक कागद पुढे केला : 'आपला अभिप्राय'. हेमालीने पोरीला सासूकडे दिलं आणि पेन मागून घेतलं. सेवा चांगली, जेवण अळणी, रूपल मॅडम गुणाच्या, असं तिने लिहिलं. खाली थोडी जागा उरली होती. तिथे तिने साहेबांना दोन प्रश्न लिहिले. इथल्या सहा सेकंदांच्या साहेबांना नव्हे. फॉर्म छापणाऱ्या, वरच्या, नाव नसलेल्या साहेबांना.

तो कागद आता तुमच्या टेबलावर आला असेल. प्रश्न सोपे आहेत, साहेब. फॉर्म छापण्याआधी तुम्ही स्वतः बर्फ किती सेकंद धरला होतात? आणि 'बाई, तुला काय हवं?' हा एक रकाना घालायला तुमच्या कागदावर जागा का उरली नाही? उत्तर टपालाने नको. तारापूरला, बंदरावर, नलूबायच्या घरी समक्ष घेऊन या. बर्फ आमच्याकडे आहे.

कधी येताय?