वाजणारा कापूस

प्रश्न पहिला. तुम्ही स्वतःला कोणत्या प्रकारचे गुंतवणूकदार समजता?
(अ) सावध (ब) मध्यम (क) धाडसी

"अ," बापूजी झाडे म्हणाले. "अ च्याही आधी काही असन, तं ते लिही."

फोनवर त्यांची मुलगी समीक्षा होती. ती यवतमाळला एका गुंतवणूक सल्लागाराच्या ऑफिसात नुकतीच लागली होती. कोणाचा पैसा कुठे लावायचा हे ठरवण्याआधी त्या माणसाची छाती किती धोका सोसेल हे तिथे मोजत, आणि त्यासाठीचे प्रश्न सरांनी तिला आधी घरच्यांवर करून पाहायला सांगितले होते.

बापूजींचं उत्तर खरं होतं. राळेगाव तालुक्यात त्यांच्याइतका सावध माणूस सापडला नसता. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसत, कारण ड्रायव्हर स्वतःला तर वाचवणारच. मोबाईल उजव्या खिशात ठेवत, कारण काळीज डावीकडे असतं. वीज गेली की उठून घरातली सगळी बटणं बंद करत. न जाणो, परत येताना जोरात आली तर. शेअर, लॉटरी, पत्ते, अनोळखी नंबर आणि लग्नातला मठ्ठा यांना त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

प्रश्न दुसरा. तुमच्या एकूण संपत्तीचा किती भाग एकाच ठिकाणी गुंतवलेला आहे?
(अ) थोडा (ब) निम्मा (क) सगळा

"संपत्ती कुठी आहे, बाई? आपल्याजवळ पैसाच नाई. अ लिही," असं म्हणून बापूजींनी पाय लांब केले.

ते त्या वेळी वर्षभराच्या सगळ्या कापसावर आडवे झालेले होते.

समोरची खोली दिवाळीपासून कापसाने भरलेली होती. क्विंटलला दहा हजार भाव झाल्याशिवाय विकायचा नाही, असा बापूजींचा निश्चय होता. एका वर्षी भाव खरोखरच दहा हजारांवर गेला होता आणि बापूजींनी नेमका त्याच्या आदल्या आठवड्यात कापूस विकला होता. तेव्हापासून ते दरवर्षी त्या आठवड्याची वाट पाहत. दरवर्षी ढीग वाळून हलका होई, भाव खाली येई, आणि घरातल्या तिघांच्या अंगाला खाज सुटे. समीक्षाने नोकरी धरली, त्यात खाजेचाही वाटा होता.

टीव्ही कापसाच्या मागे होता. पंखा काढून ठेवला होता, कारण ढीग पात्यांपर्यंत पोचला होता. ठिणगीच्या भीतीने बापूजींनी खोलीत उदबत्ती, काडीपेटी आणि मोबाईल या तिन्ही गोष्टींना बंदी घातली होती. देव ओसरीत आले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीत वर एक झरोका होता, तिथपर्यंत ढीग चढला होता आणि त्यातून कापसाचे पुंजके पलीकडे कोकिळाबाईंच्या फोडणीत पडत. कोकिळाबाई ते उचलून परत फेकत. सोबत दोन शब्दही फेकत.

"विका ना आता! बसायले जागा नाई घरात. एक ठिणगी पडली तं वर्षाची राख होईन."

"ठिणगी पडू नाई देत ना मी."

"अन् भाव पडला तं?"

"भाव कायले पडते? मी बसलो आहे ना इथं!"

तर, मोबाईलला बंदी होती. पण बंदी घालणारा माणूस रोज सकाळी ढिगावर लोळत गुपचूप भाव पाहत असे.

प्रश्न तिसरा. तुमच्या गुंतवणुकीची किंमत एका दिवसात वीस टक्क्यांनी घसरली, तर तुम्ही...

"घसरली?" बापूजी ताडकन उठून बसले. "कोण सांगतलं? कवा?"

कापसावर ताडकन उठून बसता येत नाही. ढीग सरकला, बापूजी सरकले आणि खोलीच्या दारात उताणे थांबले. हातात फोन नव्हता.

(प्रश्न चौथा विचारला गेला नाही.)

बापूजी गुडघ्यांवर बसून ढिगात हात घालू लागले. कापसात हात घातला की हातापुरतं भोक पडतं आणि हात काढला की बुजतं. तेवढ्यात ढिगाच्या वरच्या बाजूने, भिंतीकडून, दबल्या आवाजात आरती सुरू झाली. बापूजींच्या फोनची ती रिंग होती.

कोकिळाबाई स्वयंपाकघरातून दारात आल्या. हात कणकेचे होते.

"आवो, काय वाजून राह्यलं?"

"कुठं काय?"

"कापूस वाजून राह्यला."

बापूजींना कबूल करावं लागलं. त्यांची बोलती दोनच वाक्यांत बंद होईल इतकं कोकिळाबाईंना सहज बोलता आलं असतं. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "बॅटरी गरम होत असन ना?"

हे ऐकून बापूजींनाच घाम फुटला. मोबाईल फुटून गादी पेटल्याचा एक व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. गादीत काय असतं? कापूस. प्रत्येक रिंगेला फोन तापणार. म्हणजे फोन शोधण्यासाठी त्यावर फोन करता येणार नव्हता, आणि फोन केल्याशिवाय तो सापडणार नव्हता.

"कोकिळा, कोणीच फोन नाई केला पायजे. जाय, देवीलालले सांगून ये. तोच घडी घडी करते."

कोकिळाबाईंनी कुंपणावरून शेजारच्या देवीलालला सांगितलं. जरा मोठ्यानेच सांगितलं.

"भाऊ, यायले फोन नका करू बरं आज. काहून ते मी सांगू शकत नाई."

देवीलालचा जीव खालीवर झाला. काल संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेल्या माणसाला फोन का करू नये? त्याने लगेच फोन केला. कापूस वाजला, कोणी उचलला नाही. देवीलालने मग बापूजींच्या साडूला फोन केला, साडूने बापूजींना केला, उचलला नाही म्हणून त्याने कळंबच्या मामेभावाला केला. चहाच्या वेळेपर्यंत निम्म्या तालुक्याला कळलं की बापूजी फोन उचलत नाहीत, आणि निम्मा तालुका ते खरं आहे का हे तपासू लागला. खोलीत देऊळ उघडल्यासारखी आरतीवर आरती चालू झाली.

बापूजी पाण्याची बादली घेऊन दारात उभे राहिले.

"पाणी टाकता का?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"ओला कापूस कोण घेईन?"

"मंग बादली कायले धरली?"

"धीर येते."

शेवटी ठरलं की खोली रिकामी करायची. पण कापूस ठेवायचा कुठे? अंगणात देवीलालच्या शेळ्या होत्या आणि आभाळ भरून आलं होतं. त्याच वेळी चौकात वाहिदभाई आपली रिकामी पिकअप लावून उभे होते. वाहिदभाई गावोगाव फिरून कापूस घेत आणि जिनिंगच्या कारखान्याला घालत. दरवर्षी ते बापूजींच्या दारात येत, आणि दरवर्षी बापूजी त्यांना नुसता चहा पाजून परत पाठवत. आज बापूजींनीच त्यांना बोलावून आणलं.

"वाहिदभाई, एक घंटा गाडी दे. कापूस भरू, फोन काढू, कापूस परत ठेवू."

वाहिदभाईंनी ढिगाकडे कान दिला. आरती चालूच होती. ते दोन पावलं मागे सरले.

"बापूजी, अल्ला कसम, जिंदगीत लय कापूस पाह्यला. ओला पाह्यला, किडका पाह्यला. बोलणारा नाई पाह्यला."

"गाडीचं भाडं देतो ना!"

"भाड्यानं नाई जमत. तुमचा कापूस, माझी गाडी, अन् पेटली तं? विकत असन तं सांगा. माझा माल झाला की माझा धोका. मी चुंगडी चुंगडी पाहून भरतो. फोन भेटला की तुमचा."

"दहा हजारानं घेतो का?"

"दहा हजार भावाचा कापूस वाजत नसते, बापूजी. आजचा जो भाव आहे तो देतो, रुपया कमी नाई."

"मंग राहू दे." बापूजी बादली खाली ठेवून छाती काढून उभे राहिले. "बॅटरी सरली असन आता. बंद पडला वाटते."

आणि खरंच, खोलीत शांतता होती. बापूजींच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला.

"तुम्ही बोला, मी चहा ठेवते," असं म्हणून कोकिळाबाई आत गेल्या.

त्या आत गेल्या आणि कापूस वाजला. या वेळी असा वाजला की थांबेचना. एक आरती संपली की दुसरी.

"धूर येऊन राह्यला का रे?" बापूजींनी नाक वर करून विचारलं.

"चुलीचा असन," वाहिदभाई म्हणाले.

"आपल्या घरी गॅस आहे, वाहिद!"

मग बापूजींनी आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता एक वाक्य उच्चारलं.

"काटा लाव!"

वाहिदभाईंच्या माणसांनी चुंगड्या, म्हणजे पोती, भरल्या, काट्यावर टांगल्या, गाडीत टाकल्या. प्रत्येक चुंगडी बापूजी कानाला लावून ऐकत. देवीलाल आणि त्याच्या शेळ्या मदतीला आल्या. हळूहळू ढिगातून दिवाळीचा एक आकाशकंदील निघाला, कोकिळाबाईंची एक चप्पल निघाली, मांजराचं एक कुटुंब निघालं, टीव्ही निघाला. जमीन लागली. फोन नाही.

"गेला मंग गाडीत," देवीलाल म्हणाला.

वाहिदभाईंचा चेहरा उतरला. आता धोका त्यांचा होता. त्यांनी लगेच बापूजींचा नंबर लावला आणि गाडीकडे पाहत श्वास रोखला. कोकिळाबाई तेव्हा मांजराला दूध घालायला आत गेल्या होत्या.

"स्विच ऑफ सांगून राह्यली."

"मेला बिचारा," बापूजी म्हणाले.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा आणखी एक अडचण निघाली. वाहिदभाई पैसे मोबाईलवरून खात्यात टाकत, आणि पैसे आल्याचा मेसेज ऐकल्याशिवाय गाडी हलू द्यायला बापूजी तयार नव्हते. मेसेज यायचा तो फोन तर गाडीत.

"माह्या खात्यात टाका," कोकिळाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "माहा फोन आहे घरात."

टुंग झालं. गाडी गेली. बापूजी रिकाम्या खोलीच्या मधोमध बसून राहिले. बोलले की आवाज घुमत होता.

प्रश्न पाचवा. मोठा फायदा व्हावा म्हणून तुम्ही किती नुकसान सोसायला तयार आहात?

समीक्षा संध्याकाळच्या एसटीने आली ती हा प्रश्न विचारतच. खोली पाहून आधी तिला वाटलं आपण चुकून देवीलालकाकांकडे शिरलो. बापूजींनी तिला सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "तूच घडी घडी फोन करत होती, बाई. तुह्याच फोननं कापूस विकला."

"मी दोनदाच केला, बाबा. मंग सरांनी मीटिंगमध्ये बसवलं."

"मंग कोण करत होतं?"

समीक्षा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. कोकिळाबाई पोळ्या लाटत होत्या. वर झरोका होता, आता त्यातून समोरच्या खोलीचा पंख्याचा हूक दिसत होता. झरोक्याच्या बरोबर खाली फळी होती आणि फळीवर कणकेचा डबा.

"आई, खरं सांग."

कोकिळाबाईंनी डब्याचं झाकण काढलं. कणकेत अर्धा रुतलेला, पांढरा झालेला बापूजींचा मोबाईल होता.

"वरून पडला परातीत," त्या हळूच म्हणाल्या. "त्यात तू बाबा, बाबा करून राह्यली होती. म्हनलं, असा मोका परत नाई येत. मंग माह्याच फोनवरून लावत राह्यली, अन् गाडी भरल्यावर बंद करून टाकला."

"अन् बाबांले समजलं असतं तं? अन् उद्या भाव दहा हजार झाला तं? जन्मभर ऐकवतीन तुले!"

"जन्मभर ऐकूनच तं राह्यली. आज रात्री निदान सपाट जमिनीवर निजून ऐकीन." त्यांनी पोळी उलटली. "काय विचारत होती तू, नुकसान किती? एक डबा कणीक. लिही."

समीक्षाने हसू दाबत फोन झटकला आणि चालू होतो का ते पाहिलं. चालू झाला. चालू होताच वाजला.

बाहेरच्या खोलीतून बापूजींचा आवाज घुमत आला. "अवं कोकिळा! कापूस तं गेला. मंग हे वाजून काय राह्यलं?"

प्रश्न सहावा. (हा समीक्षाच्या ऑफिसच्या कागदावर नाही.) तुमची सर्वांत मोठी जोखीम ऐनवेळी वाजू लागली, तर तुम्ही काय कराल?
(अ) झाकण लावीन (ब) मुलीचं नाव सांगीन (क) उचलीन

कोकिळाबाईंनी फोन घेतला, सरळ बाहेर गेल्या आणि बापूजींपुढे धरला.

"घ्या. वाहिदभाईचा फोन आहे. जिनिंगला पोचला वाटते."

फोन कुठे होता, कसा आला, हे बापूजींनी विचारलं नाही. त्यांनी तो झडप घालून कानाला लावला.

"भाव काय निघाला?"

पलीकडून वाहिदभाई आधी आनंदाने ओरडले. फोन गाडीत नाही हे कळल्याने त्यांचा जीव भांड्यात पडला होता. मग भाव सांगितला.

"काय झालं, बाबा? वाढला?" समीक्षाने विचारलं.

"नाई."

"पडला?"

"नाई. जिथल्या तिथं आहे."

आपण लुटले गेलो की वाचलो, हे बापूजींना ठरवता येईना. ते टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे वळून बसले. मग मुलीला म्हणाले, "ते तुह्या कागदावर लिही, आमच्या घरी कोणीच धोका घेत नाई. मी घेत नाई अन् तुह्यी आई तं माह्याहून भित्री."

पडद्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. कान पांढरा होता. कापूस लागला असेल म्हणून त्यांनी तो बोटाने पुसला. बोट पाहिलं. चाखलं.

आतून पोळीचा खमंग वास येत होता.

"जेवायले चला," कोकिळाबाई म्हणाल्या. "कणीक जरा कमीच मळली आज."