चार मिनिटांचा नमस्कार

आमच्या शाळेत कॉम्प्युटरची वेळ पाढ्यांवर मोजली जायची. एक मूल खुर्चीवर बसायचं आणि बाकीची पडवीत ओळीने बसून अकरापासून वीसपर्यंतचे पाढे म्हणायची. ‘अकरा एके अकरा’ झालं की पहिली कळ दाबायची, ‘वीस दाहे दोनशे’ झालं की उठायचं. मग वाक्य अर्धं असो, शब्द अर्धा असो. ही युक्ती खातूबाईंची. त्यांनी एक आठवडाभर मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं, की आठवीचा वर्ग हे दहा पाढे बरोबर चार मिनिटांत म्हणतो.

मी त्या शाळेत लेखनिक. शाळा रत्नागिरीपासून एसटीने पाऊण तासावर, खाडीकाठच्या गावात. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. संस्थेने जूनमध्ये एक कॉम्प्युटर आणि एक कर्कश प्रिंटर पाठवला आणि ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून तो माझ्या ऑफिसात, माझ्या टेबलाला टेबल लावून बसवला. चावी माझ्याकडे. म्हणजे हे पाढे रोज सात वेळा माझ्या कानावर पडायचे. एकदा ट्रेझरीत बिल द्यायला गेलो असताना तिथल्या माणसाने काही विचारलं, तर मी ‘सतरा नव्वे त्रेपन्नासे’ म्हणून मोकळा झालो.

खातूबाई गणित शिकवायच्या. मूळच्या गुहागरच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, किडकिडीत, आणि चालणं असं की शाळेच्या चढावर पोरं मागे पडायची. कॉम्प्युटर येणार हे कळल्यावर त्या रविवारचे रत्नागिरीला एका क्लासला जाऊ लागल्या. तिथे बारा जणांत एक यंत्र. तरणी पोरं पुढे बसायची आणि बाई त्यांच्या डोक्यांवरून बघायच्या. चार रविवार बघून झाल्यावर त्यांनी क्लास सोडला आणि एक जाडं पुस्तक आणलं. मी म्हटलं, “बाई, काय शिकलात?”

“एवढंच शिकले, की बघून काही होत नाही. हात लावावा लागतो.”

हे त्यांचं पालुपद. इतर शाळांत तेव्हा एक सर कॉम्प्युटर चालवायचे आणि वर्ग हाताची घडी घालून बघायचा. बाईंना ते मान्य नव्हतं. आठवीत मुलं बेचाळीस, यंत्र एक. शाळेआधीचा अर्धा तास त्यांनी हेडसरांकडून मागून घेतला. आठवड्याचे सहा अर्धे तास. त्यातली रोजची दोन मिनिटं यंत्राला जागं व्हायला. उरलेल्यात रोज सात मुलं, प्रत्येकी चार मिनिटं. शनिवारी बेचाळिसावं मूल उठायचं. गणित चोख होतं. फक्त मुलांनी त्यात पाणी घातलं. खुर्चीवर दोस्त बसला असेल तर तेराचा पाढा वरातीच्या चालीने चालायचा आणि कुणाशी कट्टी असेल तर अठरा आणि एकोणीस एका दमात उडवले जायचे. मग बाई खुर्चीमागे उभं राहूनच पडवीतल्या पोरांसाठी टाळीने ताल धरू लागल्या.

उरलेल्या आठवड्यात मुलांनी काय करायचं? त्याचीही सोय बाईंनी केली. शाळेपुढे जांभ्याच्या चिऱ्यांचं अंगण आहे. त्यावर चुन्याने त्यांनी अख्खा कीबोर्ड काढला, एकेक कळ पाटाएवढी. मधल्या सुट्टीत पोरं लंगडी घालत आपलं नाव लिहायची. ‘शिफ्ट’ दाबून ठेवायचा असेल तर एकाने त्या चौकोनात उभं राहायचं आणि दुसऱ्याने अक्षरावर उडी मारायची. हेडसर आपली स्कूटर नेमकी ‘एंटर’वर लावायचे. बाईंनी त्यांना तसं सांगितल्यावर ते बिचारे आठवडाभर विचारत होते, की मग लावू कुठे. शेवटी त्यांनी ती आंब्याखाली नेली आणि कावळ्यांनी तिची दशा करून टाकली.

सहामाही झाली, दिवाळी झाली आणि जानेवारीत संस्थेचं पत्र आलं. रत्नागिरीच्या मुख्य शाळेत संगणक कक्ष होणार, तेव्हा शाखांमधली यंत्रं महिनाअखेर तिकडे जमा करावीत. ते पत्र मी बाईंच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, घडी केली, आणि दुपारच्या गाडीने अध्यक्षांकडे गेल्या. मलाही बरोबर नेलं, कारण कागद माझ्याकडे असतात असा त्यांचा समज होता.

अध्यक्ष बागायतदार माणूस. पडवीत बसून आंब्याच्या मोहोराविषयी कुणाशी बोलत होते. बाईंचं ऐकून म्हणाले, “बाई, तुमच्याकडे म्हणे प्रत्येक पोर त्याला हात लावतं. नाजूक वस्तू आहे ती. खराब होईल.”

“वापरून खराब झाली तर हरकत काय?”

“आणि खेड्यातल्या पोरांना करायचाय काय कॉम्प्युटर?”

बाई म्हणाल्या, “पत्र लिहायचंय.”

हे मलाही नवीन होतं. माझा अंदाज असा, की बाईंनाही ते त्याच क्षणी सुचलं असावं. पण एकदा तोंडातून गेल्यावर त्यांच्या दृष्टीने ते ठरलं. आमच्या गावातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील मुंबईला. काही लोट्याला कंपनीत, पाळ्या करणारे, आणि एकाचे हर्णैच्या बोटीवर. प्रत्येक मूल आपल्या हाताने बापाला एक पत्र लिहील, छापील निघेल, शिमग्याच्या आधी पोस्टात पडेल. बेचाळीस पत्रं. ती झाली की यंत्र न्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी फेब्रुवारीअखेरची मुदत दिली, बहुधा मोहोराकडे परत जाता यावं म्हणून.

सहा आठवडे. एका मुलाला सगळी मिळून चोवीस मिनिटं. तेवढ्यात एक पत्र सहज होईल असं मला वाटलं होतं. पण पहिला आठवडा संपला तेव्हा बेचाळीसच्या बेचाळीस मुलांचा फक्त मायना झाला होता. ‘तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.’ त्यातला एकेक जोडाक्षराचा डोंगर चढता चढता वीस दाहे दोनशे होऊन जायचे. मंगेश घडशी नावाचा एक पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, “बाई, माजा नुसता नमस्कारच झाला. बाकी काय लिवून झाला नाय.”

“नमस्कार नीट झाला ना? मग झालं. पुढचं पुढच्या मंगळवारी.”

हेडसरांनी पुस्तकात वाचलं होतं, की एकदा लिहिलेला मजकूर यंत्र हवा तितक्या वेळा उतरवून देतं. त्यांनी सुचवलं, “बाई, मायना एकदाच लिहा आणि सगळ्यांच्या पत्रांवर डकवून टाका. एक आठवडा वाचेल.”

बाई म्हणाल्या, “सर, नमस्कार ज्याचा त्याने करायचा असतो.”

हेडसर आपल्या खोलीत परतले. मला मात्र तेव्हा बाईंचा राग आला. मुदत डोक्यावर आणि ही बाई नमस्काराला जपतेय. मी तसं बोलूनही दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सावंत, तुम्ही चावी तेवढी वेळेवर आणा.”

मग लाईट जाऊ लागली. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दिवसभर. बाईंनी वायरमनचं घर गाठलं आणि दुसऱ्या दिवशी वीज कधी असेल ते आदल्या संध्याकाळी विचारून येऊ लागल्या. कधी सकाळी सात वाजता मुलं बोलावली, कधी शाळा सुटल्यावर. चावीवाला मीच. एका रविवारी दुपारी बारा ते दोन वीज होती. घरी सुरमईचं कालवण झालं होतं आणि ताट वाढलं होतं. बाई येऊन पडवीत बसल्या. मी म्हटलं, “बाई, जेवून येतो.” त्या म्हणाल्या, “जेवा की. मी बसल्ये.” आणि बसल्या. तशी बसलेली बाई समोर असताना माणसाला घास उतरत नाही. बायकोने माझं ताट झाकून ठेवलं आणि मला म्हणाली, “जा हो. त्या काय स्वतःसाठी मागतायत काय?”

पत्रं बाई वाचायच्या नाहीत. शुद्धलेखनही तपासायच्या नाहीत. म्हणायच्या, बापाच्या पत्रात मास्तरणीने नाक कशाला खुपसायचं. प्रिंटरमधून कागद निघाला की त्या तोंड फिरवायच्या. कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडून घडी घालायचं काम माझं, आणि मी काही तोंड फिरवणारा नव्हे. त्यामुळे ती सगळी पत्रं मी वाचली. एकाने म्हशीला रेडकू झाल्याचं लिहिलं होतं. एकाने चार आठवडे खर्चून आपल्या वर्गातल्या सगळ्यांची नावं लिहिली होती, कारण दुसरं काय लिहावं ते त्याला सुचेना. मंगेशने लिहिलं होतं, ‘हे मी स्वता लिवले आहे कोणी सांगितले नाही.’

शेवटच्या शनिवारी एक पत्र राहिलं होतं. सुवर्णा नावाच्या मुलीला गालगुंड झालं होतं आणि तिचे दोन आठवडे बुडाले होते. सोमवारी टेम्पो येणार होता. बाई तिच्या वाडीवर गेल्या आणि तिच्या आईशी काय बोलल्या कोण जाणे, पण सकाळी दहा वाजता सुवर्णा तोंडाला मफलर गुंडाळून हजर झाली. संसर्ग नको म्हणून बाकीच्या मुलांना बाईंनी घरी पाठवलं होतं. त्या दिवशी वेळ कुणी मोजली नाही. सुवर्णाने बुडालेल्या आठवड्यांसकट सगळं लिहिलं. तिच्या पत्राचा शेवट असा होता: ‘शिमग्याला या. गेल्या वर्षी आला नाहीत. येताना काही आणले नाही तरी चालेल.’

ती गेली. बेचाळीस पाकिटं टेबलावर रचून झाली. वीज अजून तासभर होती. यंत्र चालू होतं आणि बाई नेहमीसारख्या खुर्चीच्या पाठीमागे उभ्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की जूनपासून आजवर मी त्यांना त्या खुर्चीवर बसलेलं पाहिलंच नव्हतं. सगळी मिनिटं मुलांची. शिकवलं ते पुस्तकातून वाचून, मागे उभं राहून.

मी म्हटलं, “बाई, बसा ना. तुम्हीही लिहा एक.”

“मी कशाला?” म्हणाल्या. पण पदर खोचून बसल्या. दोन्ही हात कळांवर ठेवले आणि तशाच राहिल्या. मग मागे न बघता विचारलं, “कुणाला लिहू?”

बाईंचे आईवडील कधीच गेले होते. लग्न केलं नव्हतं. गुहागरच्या घरी भाऊ होता, तो दोन वर्षांपूर्वी गेला आणि घराला कुलूप लागलं. भाचे पुण्याला. ते बाईंना लिहीत नसावेत, कारण बाईंचा पत्ता शाळेचाच, तिथलं टपाल मीच घेतो आणि बाईंच्या नावाचं काही आल्याचं मला आठवत नव्हतं. मी माझं रजिस्टर उघडून त्यात बघत बसलो.

थोड्या वेळाने एकेक कळ वाजू लागली. पाऊण तास बाई लिहीत होत्या. कागद निघाला तेव्हा त्यांनी मला पट्ट्या फाडू दिल्या नाहीत. स्वतः फाडल्या, पाकिटात घातला, पत्ता लिहिला आणि पाकीट गठ्ठ्याच्या मधोमध सरकवलं. भाच्यांना असेल, असं मला वाटलं. गठ्ठा मीच पोस्टात नेऊन टाकला.

सोमवारी टेम्पो आला आणि यंत्र गेलं. बुधवारी पोस्टमनने माझ्या हातात एक पाकीट दिलं. वर बाईंच्या अक्षरात माझं नाव.

‘श्री. सावंत यांस, सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आपण सहा आठवडे चावी दिलीत. एका रविवारी माझ्यामुळे आपले जेवण राहिले. पत्र लिहायला मला दुसरे कोणी आठवले नाही म्हणून आपल्याला लिहीत आहे. राग नसावा. येथे सर्व ठीक. घरी सर्वांस नमस्कार. सवडीने उत्तर पाठवावे. कळावे.’

बाई दहा पावलांवर शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. मी पत्राची घडी करून खिशात घातली.

पुढच्या आठवड्यापासून मुंबईची उत्तरं येऊ लागली. बाईंनी सगळ्यांना शाळेचाच पत्ता घालायला लावला होता. कधी पाच, कधी सात. सुवर्णाचे वडील येतो म्हणाले होते, आणि ते आलेही. मी मात्र अडकलो होतो. पंचवीस वर्षं मी संस्थेची पत्रं लिहीत आलो. अर्ज, खुलासे, स्मरणपत्रं. या एका पत्रात मी नमस्काराच्या पुढे जाईना. बायको रोज विचारायची, “लिवलात काय त्या बाईला?” शेवटी तिने सांगितलं तसं लिहिलं: अमुक दिवशी मोरी माशाच्या मसाल्याचं जेवण आहे, आपण यावं, आणि अधूनमधून असं पत्र पाठवत जावं, आम्हालाही कोणी लिहीत नाही. तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं.

ते आलं त्या दिवशी टपालात सहा पाकिटं होती. बाईंनी पाच मुलांना वाटली. सहावं त्यांनी उलटंसुलटं करून दोनदा बघितलं, पत्ता बोट ठेवून वाचला, आणि न उघडता पर्समध्ये ठेवलं.

“सावंत,” त्या म्हणाल्या, “हेडसरांना सांगा, आज मी शेवटच्या तासाला नाही. जरा घरी काम आहे.”

त्यांची खोली शाळेपासून दोन घरं पलीकडे होती. शाळा चालू असताना त्या घरी गेल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.